टेकव म्हटल्याशिवाय

लोकांना वाटतं, सामान हलवायला ताकद लागते. ताकद बैलालाही असते, पण त्याच्याकडून कुणी कपाट चौथ्या मजल्यावर चढवून घेत नाही. सामान हलवायला दोन माणसं लागतात आणि त्या दोघांत मिळून एक अक्कल लागते. एकोणीस वर्षं मी हे ज्याला त्याला सांगत आलोय, आणि एकोणीस वर्षं लोक मान डोलावून पुन्हा माझ्या बायकोच्या दंडांकडे बघत आलेत.

माझी बायको उंचीनं माझ्या खांद्याला लागते. धंद्यातले सगळे तिला जॅक म्हणतात. चाक बदलताना गाडीखाली लावतात तो, दिसायला एवढासा. मला भोंगा म्हणतात, त्याचं कारण माझ्याशी पाच मिनिटं बोललात तर कळेल. जिन्यावरून जड वस्तू चढवताना एक जण वर असतो, एक खाली. वरचा उलटा चढतो, पण मान वळवून त्याला पायऱ्या, कठडा, वळण सगळं दिसतं. खालच्याच्या नाकासमोर नुसतं कपाट असतं आणि वजनाचा मोठा वाटाही त्याच्यावरच येतो. म्हणून खालच्यानं पेलायचं आणि वरच्यानं बोलायचं. आमच्यात ती खाली, मी वर. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात उलटं करून पाहिलं होतं. दुसऱ्या मजल्यावर माझा दम संपला आणि वरून ही बाई एक अक्षर बोलेना. मग जागा बदलल्या, त्या तशाच राहिल्या.

आमचा नियम एकच. 'टेकव' म्हटल्याशिवाय टेकवायचं नाही, आणि 'टेकव' ऐकलं की विचार करत बसायचं नाही. कुणाचा हात सुटतोय, कुणाचा पाय सरकतोय, ज्याला आधी दिसेल त्यानं ओरडायचं. ऐकणाऱ्यानं त्याच क्षणी खाली ठेवायचं. का आणि कशासाठी, ते नंतर.

आणखी एक सवय होती. घरात ती मला अहो म्हणते, चारचौघांत तर म्हणतेच. जिन्यावर मात्र मी अरे. "अरे, भिंत किती लांब?" "अरे, बोल की पटकन!" खांद्यावर कपाट असताना मानपान कोण बघतो? मला ते फार आवडायचं. तिला तसं कधी सांगितलं नाही, एवढंच.

गेल्या वर्षी एका तिसऱ्या मजल्याच्या वळणावर माझी पाठ गेली. दोन दारांचं लोखंडी कपाट होतं. वळताना मी कमरेतून फिरलो. नव्या माणसाला मी शंभरदा बजावतो की असं फिरू नकोस, आणि स्वतःच फिरलो. कळ पाठीतून थेट डोक्यात गेली आणि मी पायरीवर बसलोच. कपाटाची कड माझ्या नडगीच्या वीतभर वर अधांतरी राहिली. अधांतरी राहिली, कारण खाली बायको होती. तिला काही दिसत नव्हतं. एवढंच कळलं की सगळं वजन आपल्यावर आलंय आणि वरचा आवाज बंद झालाय. मला तर बोलायला श्वासच नव्हता. घरमालक आणि शेजारी धावत येईपर्यंत ती भिंतीला पाठ आणि कपाटाला खांदा लावून उभी राहिली. त्यांनी मला बाजूला ओढलं. शेजारी ओरडला, "बाई, सोडा आता!" तिनं सोडलं नाही. पुन्हा ओरडला, तरी नाही. शेवटी माझ्या तोंडातून कसंबसं "टेकव" निघालं, तेव्हा तिनं कपाट टेकवलं.

"शेजारी सांगत होता ना सोडायला?" मी नंतर विचारलं.

"तो कोण सांगणारा? तुमचा आवाज कुठे आला होता?"

डॉक्टरांनी हुकूम केला: भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही, यापुढे कधीच नाही. मग मी नऊ महिने खिडकीजवळच्या खुर्चीत काढले. ती रोज सकाळी पट्टे आणि जुनी ब्लँकेटं खांद्यावर टाकून निघायची, भाड्याच्या माणसाबरोबर. दर आठवड्याला नवा माणूस. एकानं ड्रेसिंग टेबलचा आरसा फोडला. एक जण अर्ध्या जिन्यात फोन आला म्हणून हात काढून बोलायला लागला. हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळायचं. ती घरी आली की नुसतं "अहो, गोळी घेतलीत का?" "अहो, शेक घेतलात का?" दिवसभर अहो. मी एक आदरणीय माणूस होऊन बसलो होतो आणि मला स्वतःचा संताप यायचा.

अशात टीव्हीवर ती जाहिरात आली. वजन पेलण्याची स्पर्धा. शेवटपर्यंत जो टिकेल त्याला नवाकोरा ट्रक, आणि ट्रकच्या मागे हायड्रॉलिक फळी. बटण दाबलं की फळी खाली येते, कपाट तिच्यावर ठेवायचं, पुन्हा बटण दाबलं की कपाट वर. माझे डोळे त्या बटणावरच खिळले. बटण दाबायला पाठ लागत नाही! मला ट्रकचा हव्यास नव्हता. मला पुन्हा तिच्याबरोबर कामावर जायचं होतं, आणि दुसरी वाट दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी उठलो, काठी घेतली, चार चौक चालत जाऊन स्पर्धावाल्यांच्या कार्यालयातून फॉर्म आणला. ती कामावरून आली तेव्हा फॉर्म टेबलावर होता आणि मी दाढी करून बसलो होतो. तिनं फॉर्म पाहिला, मला पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. आमच्याकडे मोठे निर्णय असेच होतात.

पहिल्या दोन फेऱ्या तिनं सहज काढल्या. पाण्याचे पिंप घेऊन चालायचं वगैरे पोरखेळ होता. शेवटच्या फेरीत सहा जण उरले. शूटिंग एका जुन्या गोदामात होतं. फरशीवर जाड वायरी चिकटपट्टीनं चिकटवलेल्या, छताला दिवे, आणि दिव्यांची अशी धग की बसल्या जागी शर्ट ओला. सहा चौकोन आखलेले. प्रत्येक चौकोनात एक स्पर्धक, त्याच्या खांद्यांवर मानेमागून आडवा टाकलेला लाकडी वासा, दोन्ही टोकांना हूक. दर दहा मिनिटांनी दोन्ही हुकांवर एकेक वाळूची पिशवी चढणार. वाशाच्या दोन्ही बाजूंना, गुडघे वाकवले की टेकेल एवढ्या उंचीवर, रबर लावलेले ठोकळे. वासा ठोकळ्याला लागला की लाल दिवा लागणार आणि माणूस बाद.

आत जाण्याआधी तिनं मला कोपऱ्यात घेतलं. तिथला एक पोरगेला कॅमेरावाला तिला मावशी म्हणाला होता, त्यामुळे ती आधीच धुसफुसत होती.

"तिथे तोंड उघडायचं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे? टाळ्या तरी?"

"टाळ्या वाजवा. शब्द नाही. तुमचा आवाज आला की माझं अंग ऐकतं, मला विचारत नाही. कळलं?"

"कळलं."

"शपथ?"

मी ओठांवर बोट ठेवलं. भोंग्याच्या तोंडाला कुलूप, हे बघायला सगळा धंदा जमला असता.

नातेवाइकांना चौकोनांपासून दहा पावलांवर खुर्च्या दिल्या होत्या. निवेदिका माईक घेऊन फिरत होती. हसतमुख बाई, पण काम करून घेण्यात पक्की. स्पर्धकाच्या आईला रडवायचं, बहिणीला ओरडायला लावायचं, हे तिचं काम. माझ्यापाशी आली.

"दादा, सांगा ना काहीतरी! तुमची बायको इतकं वजन घेऊन उभी आहे!"

मी मान हलवली.

"एक शब्द? फक्त एक?"

मी पुन्हा मान हलवली. तिला वाटलं असणार, माणूस मुका आहे. माझ्या आयुष्यात असा गैरसमज पहिल्यांदाच झाला.

तासाभरात तीन जण बाद झाले. एक कणीक मळणाऱ्या हातांचा बेकरीवाला होता, तो हसत हसत बसला. बाकीच्या दोघांना मी नीट बघितलंच नाही. चौथा गेला तो गोदीत काम करणारा राक्षसासारखा माणूस. ताकद भरपूर, पण सगळी पहिल्या अर्ध्या तासात खर्च केलेली. दीड तास झाला तेव्हा दोन चौकोन उरले होते. एकात माझी बायको, शेजारच्यात एक व्यायामशाळेचा मास्तर. तिशीतला, छाती अशी की तिच्यावर ताट ठेवून जेवता यावं. त्याच्या नातेवाइकांच्या खुर्चीत कुणीच नव्हतं. वजनाचा तो खरा जाणकार. नुसतं उचलायचं आणि ठेवायचं, या कामाला वाहिलेलं त्याचं आयुष्य. उचलून कुठे न्यायचं नाही, मला तर ते कधी समजलंच नाही.

बायकोचे ओठ हलत होते. निवेदिका कुजबुजली, "प्रार्थना करताहेत बहुतेक." प्रार्थना कसली, पायऱ्या मोजत होती ती! मला लगेच कळलं. सतरा झाल्या की ओठ थांबायचे, मान किंचित डावीकडे व्हायची, मग पुन्हा एकपासून. सतरा पायऱ्या आणि डावं वळण म्हणजे आमच्या लग्नाच्या वर्षी केलेली ती सात मजल्यांची इमारत, लिफ्ट नसलेली. तिथे आम्ही एका म्हाताऱ्या शिक्षिकेचा पियानो चढवला होता. जिना संपला तेव्हा शिक्षिका रडली आणि आम्ही दोघं लादीवर आडवे पडून हसत होतो. माझी बायको गोदामात दिव्यांखाली उभी नव्हती. ती त्या जिन्यावर होती, आणि वर मी होतो. मला हाक मारावीशी वाटली, पण शपथ होती, मी नुसत्या टाळ्या वाजवल्या.

पावणेदोन तास होऊन गेले. पुढच्या पिशव्या चढल्या. तिचे गुडघे किंचित वाकलेले, जसे असायला हवेत, आणि ती अगदी बारीक डुलत होती. अजून अर्धा तास ती काढेल हे मला दिसत होतं. मास्तर मात्र दगडासारखा स्थिर. लोक त्याच्या स्थिरपणावर टाळ्या देत होते. मी त्याच्या पायांकडे पाहिलं आणि माझ्या टाळ्या थांबल्या.

त्याचे गुडघे मागे ताणून कुलूप लावल्यासारखे सरळ झाले होते. जिन्यावर असं कुणाचं झालं की आम्ही त्याला एक क्षण उभं राहू देत नाही. गुडघे असे ताणून फार वेळ उभं राहिलं की रक्त खाली थबकतं. माणूस थरथरत नाही, कण्हत नाही, उलट शांत दिसतो. आधी ओठ पांढरे पडतात, मग नजर काचेची होते, आणि मग तो वजनासकट झाडासारखा पडतो. मास्तरचे ओठ पांढरे होते. चेहऱ्यावर कॅमेऱ्यासाठीचं हसू तसंच राहिलं होतं, आतला माणूस निघून गेल्यावर दिवा चालू राहावा तसं. स्पर्धावाल्यांचे दोन मदतनीस घड्याळाकडे बघत होते. वासा मानेमागे होता आणि त्याच्यावर एका माणसाएवढी वाळू.

मी काही ठरवलं नाही. ठरवायला वेळ असता तर मला बायको आठवली असती, शपथ आठवली असती, ते बटण आठवलं असतं. पण एकोणीस वर्षांत असे पांढरे ओठ दिसले की मी एकच गोष्ट केलेली आहे.

"टेकव!"

गोदामाच्या पत्र्यावरून आवाज परत आला. मास्तर दचकला, नजर भानावर आली, गुडघे सुटले आणि वासा धाडकन ठोकळ्यांवर आदळला. तो वाशाखालून सरकत चौकोनामागे अंथरलेल्या गादीवर कोसळला, पण एकटाच, वजनाशिवाय.

त्याच्या शेजारी माझ्या बायकोचा वासा आधीच टेकला होता. कधी टेकला ते कुणाला कळलंही नव्हतं. एक टिचकी वाजावी एवढासुद्धा आवाज नाही. तिच्या डोक्यावरचा लाल दिवा मास्तरच्या आधी अर्धा सेकंद लागला होता. तिनं डोळे उघडले, दिवा पाहिला, मग मान वळवून मला पाहिलं.

त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. ती माझी आहे.

त्यांनी कॅमेऱ्यातून चारदा तपासलं. अर्धा सेकंद म्हणजे अर्धा सेकंद. तिथल्या डॉक्टरनं मास्तरचे पाय वर करून ठेवले, त्याला पाणी पाजलं, आणि वीस मिनिटांनी तो उठून बसल्यावर ट्रकची मोठी पुठ्ठ्याची किल्ली त्याच्या हातात दिली. त्याला ती कशाबद्दल मिळाली हेच नीट समजलं नव्हतं. निवेदिका माझ्याकडे आली. "दादा, तुम्ही का ओरडलात?" मी नुसती मान हलवली. मुका माणूस एका शब्दापुरता बोलला, असं तिला वाटलं असेल.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीशी बसली. स्पर्धावाल्यांनी दिलेलं केळं सोलून खात होती. मी तीन थांबे गप्प बसलो, म्हणजे माझ्या हिशेबानं वर्षभर.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "सगळं घालवलं मी. तू दोन तास... आणि मी एका शब्दात..."

"पडला असता का तो?"

"हो."

"नक्की?"

"ओठ पांढरे झाले होते. मान मोडली असती."

"मग?" तिनं सालं घडी करून पिशवीत टाकली. "मग काय करायला हवं होतं? बघत बसायचं?"

"पण ट्रक गेला."

"ट्रक गेला." तिनं सुस्कारा सोडला. तिलाही वाईट वाटलं होतं, लपवत नव्हती. "सहाव्या मजल्यावर पोचले होते मी. एक राहिला होता." मग म्हणाली, "अहो, एक विचारू? ती फळी कपाट कुठून कुठे नेते?"

"रस्त्यावरून ट्रकमध्ये."

"आणि जिना?"

एकोणीस वर्षं जिन्यांवर काढलेला माणूस मी. बटण, फळी, ट्रक, एवढं सगळं नऊ महिने... नाही, जाहिरात आल्यापासून रोज मनात चालवत होतो, आणि त्यात जिना आलाच नव्हता. मला जिना नको होता म्हणून तो आला नव्हता.

"तुला हे माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग उभी कशाला राहिलीस तिथे, वेडे?"

ती बाहेर बघत म्हणाली, "नऊ महिन्यांत पहिल्यांदा तुम्ही खुर्चीतून उठून कुठेतरी गेलात. दाढी केलीत. मी म्हटलं, होऊ दे. दोन तास वजन घेणं काय, रोजचंच आहे."

मला रडू आलं. बसमध्ये, भर दुपारी, समोरच्या बाकावर दोन शाळकरी मुली बघत असताना. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि माझं आटपेपर्यंत काढला नाही.

"ऐका," ती म्हणाली. "वजन उचलणारे मिळतात. दर आठवड्याला नवा मिळतो. मला कुणी बोलणारा मिळत नाही. वर जो असतो तो स्वतःचा पाय बघतो, माझा बघत नाही. तुम्ही या. काही उचलू नका. नुसते या आणि बोला."

"रिकाम्या हातानं? बायको कपाट वाहतेय आणि मी उंटावरून शेळ्या हाकतोय? लोक काय म्हणतील?"

"लोक जिन्यात नसतात," ती म्हणाली. पण मी हट्टी आहे. मी नाही म्हणालो, आणि घरी पोचून पुन्हा खुर्चीत बसलो.

आठ दिवसांनी दारावर टकटक झाली. दारात व्यायामशाळेचा मास्तर, हातात केळ्यांचा अख्खा घड. शूटिंगनंतर बायकोच्या हातात केळं बघून त्याला वाटलं असावं, आमच्याकडे तेच खातात. ट्रक त्यानं विकला होता आणि व्यायामशाळेसाठी नवी यंत्रं घेतली होती. हे ऐकून मला काहीच वाटलं नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. मला जळजळ झाली. पण तो खुर्चीच्या काठावर शाळेतल्या मुलासारखा बसला आणि म्हणाला,

"दादा, मी कार्यक्रमाचं चित्रीकरण पाहिलं. मला त्यातली शेवटची तीन मिनिटं आठवतच नाहीत. तुम्हाला कसं कळलं?"

मी सांगितलं. गुडघे, ओठ, नजर. तो ऐकत राहिला. मग उठून उभा राहिला, गुडघे ताणले, सैल केले, पुन्हा ताणले.

"बारा वर्षं मी लोकांना वजन उचलायला शिकवतोय," तो म्हणाला. "हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही वजन उचलता, मास्तर. वजन घेऊन कुठे जात नाही. म्हणून."

आतून बायको आली. तिनं घड घेतला, मास्तरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जसं ती एखादं टेबल दारातून जाईल की नाही ते बघते.

"बुधवारी तुमची व्यायामशाळा बंद असते ना?"

"हो, वहिनी."

"येता का? वरच्या बाजूला माणूस हवाय. मजुरी रीतसर मिळेल."

"येतो की. पण मला त्यातलं काही कळत नाही."

"तुम्हाला कळायची गरज नाही," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. "सांगणारा आहे."

बुधवारी चौथा मजला होता, अरुंद जिना, आणि कपाट सागवानी, अखंड, जुन्या माणसांनी सुटं करायची सोयच न ठेवलेलं. मी पट्टेसुद्धा हातात घेतले नाहीत. ती घेऊ देईना. मी आधी अर्धा मजला वर जाऊन कठड्याला धरून उभा राहिलो. हात कुठे ठेवावेत कळेना. खिशात घातले तर साहेब वाटतो, मागे बांधले तर पोलीस. पहिल्या मजल्यावरच्या दारातून एक बाई डोकावून बघत होती, आणि मला वाटलं, बघते आहे हा कोण ऐतखाऊ.

"पायरी," मी म्हणालो. हळूच.

"ऐकू येत नाही!" खालून, कपाटामागून.

"पायरी आहे, पायरी."

"अरे, भोंगा ना तू? मग वाज की!"

अरे. नऊ महिन्यांनी. मी कठडा घट्ट धरला.

मग मी वाजलो. "मास्तर, कमरेतून नाही, पायानं वळा! जॅक, डावीकडे वीतभर! थांब. आता चल. मास्तर, गुडघे! गुडघे सैल!" पहिल्या मजल्यावरची बाई दार लावून आत गेली आणि मी तिला विसरलो. दुसऱ्या मजल्यावर मास्तरची पकड सुटतेय हे त्याच्याआधी मला दिसलं आणि मी थांबवलं. तिसऱ्या वळणावर, पाठ गेली होती तशाच वळणावर, माझा आवाज क्षणभर अडकला. खालून तिचा शांत आवाज आला, "सावकाश सांग. मी आहे." मी सांगितलं. कपाट वळलं. भिंतीला ओरखडासुद्धा नाही.

चौथ्या मजल्यावर, खोलीत, खिडकीजवळच्या ठरलेल्या कोपऱ्यात कपाट आलं. काम झालं होतं. मास्तर धापा टाकत म्हणाला, "वहिनी, ठेवू या?"

ती हलली नाही. कपाटाच्या मागे तिचं डोकंही दिसत नव्हतं, फक्त दोन्ही कडांना पकडलेली बोटं, सांधे पांढरे झालेले. मास्तरनं माझ्याकडे पाहिलं. सगळा जिना बोललो आणि शेवटच्या एका शब्दाला आवाज फुटेना.

"अरे, सांग ना," कपाटामागून आवाज आला. दमलेला, आणि त्यात हसू. "किती वेळ धरून ठेवू?"

मी घसा खाकरला.

"टेकव," मी म्हणालो, आणि तिनं टेकवलं.